गॅस संपत नाही, गळतो

"गॅस संपलाय, भरावा लागेल." आमच्या घरचा एअर कंडिशनर गार करीनासा झाला तेव्हा मेकॅनिक म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. स्वयंपाकाचा गॅस जळतो, म्हणून संपतो. या यंत्रातला गॅस तर जळतच नाही. मग तो संपेल कसा?

एअर कंडिशनर हा एक हीट पंप आहे. पाण्याचा पंप पाणी खालून वर चढवतो, तसा हा उष्णता थंड जागेतून गरम जागेत नेतो. थंड देशांत हेच चक्र उलटे चालवून हिवाळ्यात घरे उबदार ठेवतात. बंद नळ्यांतून एक प्रशीतक फिरत असते. खोलीतल्या नळ्यांत कमी दाबाखाली ते उकळते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेते. काँप्रेसर त्या वाफेचा दाब वाढवतो. बाहेरच्या नळ्यांत वाफेचा पुन्हा द्रव होतो व उष्णता बाहेर पडते. चक्र बंद असल्याने प्रशीतक वर्षानुवर्षे पुरायला हवे. ते कमी झाले, म्हणजे कुठेतरी गळती आहे.

यंत्रातून पाणी ठिबकले की गॅसच गळतो, असे मात्र नाही. ते पाणी हवेतल्या बाष्पाचे असते. बहुधा निचऱ्याची नळी तुंबलेली असते. पण नळ्यांवर बर्फ साचत असेल तर एकतर जाळी धुळीने भरली आहे, नाहीतर प्रशीतक कमी झाले आहे. प्रशीतक कमी झाले की दाब उतरतो, त्याबरोबर उत्कलनबिंदूही उतरतो आणि शून्याखाली गेलेल्या नळीवर बाष्प गोठते. सांध्यावर तेलकट डाग दिसला तर संशय बळावतो, कारण प्रशीतकाबरोबर काँप्रेसरचे तेलही झिरपते.

अशा वेळी यंत्र बंद करावे, खिडक्या उघडाव्यात, जवळ ज्योत आणू नये. आर-३२ हे प्रशीतक थोडेफार ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. मग मेकॅनिककडून सांध्यांना साबणाचा फेस लावून घ्यावा. सायकलचे पंक्चर पाण्यात शोधतात, तेच तत्त्व! गळती बुजवल्यावर नायट्रोजनच्या दाबाने तपासणी, मग नळ्या निर्वात करणे आणि शेवटी प्रशीतक वजन करून भरणे, हा योग्य क्रम.

एवढा खटाटोप कशासाठी? वर्गात एक हिशेब करून पाहा. शंभर वर्षांच्या मोजणीत १ किलो आर-३२ सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करते. १ लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे १ किलोची गळती ही जवळजवळ ३०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखी! जुन्या यंत्रांतले आर-२२ तर याहून तापदायक, शिवाय ओझोनचा थर विरळ करणारे. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवला जात आहे.

आमच्याकडे बाहेरच्या सांध्यावर बुडबुडे आले. नळीचे टोक कापून नवे केले, नट आवळला. त्यानंतर आमचा गॅस 'संपलेला' नाही.