इंदिरानगरच्या आडरस्त्यांवरील खानावळी

बंगळूरला बदली होऊन जाणारे आपले कर्मचारी आणि नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणारे ग्राहक यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : जेवणाची सोय कुठे? इंदिरानगराचे नाव घेताच शंभर फुटी रस्त्यावरील झगमगती, खिशाला न परवडणारी उपाहारगृहे डोळ्यांसमोर येतात. मात्र त्याच वस्तीच्या आडरस्त्यांवर, बहुधा पहिल्या मजल्यावर किंवा एखाद्या किराणा दुकानाच्या शेजारी, देशाच्या नाना प्रांतांचे अन्न माफक दरात देणारी छोटी भोजनगृहे आहेत. त्यांचा परिचय करून घेणे हा बंगळूर समजून घेण्याचा एक उत्तम मार्ग आहे.

एकाच वस्तीत इतके प्रांत कसे एकवटले, याचे उत्तर तिच्या शेजारात सापडते. पश्चिमेला हलसूर, म्हणजे 1809 मध्ये वसलेल्या इंग्रजी छावणीचा जुना तमिळभाषक भाग. पूर्वेला विमानांचा कारखाना. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 23 डिसेंबर 1940 रोजी स्थापिलेली हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली आणि तिच्या निमित्ताने देशभरचे तंत्रज्ञ येथे आले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंगळूर विकास प्राधिकरणाने इंदिरानगराची आखणी केली, तेव्हा निवृत्त सैनिकी अधिकाऱ्यांनी येथे घरे बांधली. नव्वदच्या दशकापासून संगणक क्षेत्रातील तरुण आले. एकटा राहणारा तरुण आठवड्यातून एकदा तरी आईच्या हातच्या चवीसाठी तळमळतो, आणि अशी तळमळणारी पुरेशी माणसे जवळपास राहू लागली की तेथे त्या प्रांताची खानावळ निघते.

'खानावळ' हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. उत्तर कर्नाटकातील भोजनगृहांच्या पाट्यांवर कन्नड लिपीत 'खानावळि' हाच शब्द लिहिलेला असतो. आत गेल्यावर सोलापूर-सांगलीकडील वाचकास परके असे काहीच वाटू नये. 'जोळद रोट्टी' म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, 'एण्णेगाई' म्हणजे भरली वांगी, 'शेंगा चटणी पुडी' म्हणजे शेंगदाण्याची चटणी आणि 'पुंडीपल्ले' म्हणजे अंबाडीची भाजी. झुणका तर झुणकाच! बंगळूरचे मूळ रहिवासी हे जेवण विजापूर-धारवाडकडचे, म्हणजे काहीसे परप्रांतीय मानतात. मराठी माणसाला मात्र तेच घरचे. पातळ, कडक, पापडासारखी मोडणारी भाकरी आणि मऊ, गरम भाकरी असे दोन्ही प्रकार मिळतात. आमच्या मते मऊच मागावी. कडक भाकरीची योजना मूळची प्रवासाच्या शिदोरीसाठी.

मांसाहारी वाचकांसाठी 'मिलिटरी हॉटेल' हे प्रकरण याहून रंजक आहे. नावावरून वाटते तसा त्याचा लष्कराच्या उपाहारगृहांशी संबंध नाही. जुन्या म्हैसूर संस्थानात शाकाहारी ब्राह्मणी हॉटेलांहून वेगळे, म्हणजे सामिष अन्न देणारे ठिकाण, या अर्थी हे नाव रुळले. यांतील कित्येक हॉटेले बंगळूरच्या मराठा कुटुंबांनी चालविली आहेत. कॉटनपेठेतील एस. जी. राव मिलिटरी हॉटेल 1908 चे, तर जयनगरातील शिवाजी मिलिटरी हॉटेल 1930 च्या दशकातील. सतराव्या शतकात बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे येथे स्मरावे. ही दोन्ही ठिकाणे इंदिरानगरात नाहीत. परंतु मेट्रोने मॅजेस्टिकला उतरल्यास कॉटनपेठ जवळच आहे आणि तेथेच हरित मार्गिकेची गाडी पकडून जयनगराकडे जाता येते. 'दोन्ने बिर्याणी'तील दोन्ने म्हणजे आपला द्रोण. तांदूळ बासमती नव्हे, तर बारीक, आखूड दाण्याचा जीरा सांबा. कोथिंबीर-पुदिन्यामुळे रंग हिरवट. सोबत नाचणीचा उंडा, म्हणजे 'रागी मुद्दे' घेतल्यास तो चावायचा नसतो, रश्शात बुडवून गिळायचा असतो. जाणे सकाळी किंवा दुपारी लवकर. उशिरा गेल्यास भांडी रिकामी झालेली असतात.

उडुपी पद्धतीच्या उपाहारगृहांविषयी मराठी वाचकांना नव्याने सांगावयास नको. मात्र उभ्याने खाण्याच्या 'दर्शिनी' खास बंगळूरच्या. आर. प्रभाकर यांच्या कल्पनेतून 1983 मध्ये जयनगरात पहिली 'कॅफे दर्शिनी' निघाली. आधी पैसे, मग टोकन, स्वतः बशी उचलायची, खुर्ची नाही. वाढपी नाहीत, जागा थोडी आणि गिऱ्हाईक दहा मिनिटांत मोकळे. यामुळेच दर आवाक्यात राहतो. जाता जाता बँकेच्या वाचकांसाठी एक गंमत : ज्या दक्षिण कन्नड-उडुपी भागाने देशाला ही हॉटेले दिली, त्यानेच कॅनरा (1906), कॉर्पोरेशन (1906), सिंडिकेट (1925) व विजया (1931) या बँकाही दिल्या.

उरलेल्या प्रांतांचा उल्लेख थोडक्यात करणे भाग आहे. आंध्र पद्धतीच्या भोजनगृहांत केळीच्या पानावर भात, पप्पू आणि गोंगुरा मिळतो. तिखटाची सवय नसेल तर तूप अधिक मागावे. केरळच्या ठिकाणी अप्पम व स्ट्यू, बंगाल्यांकडे लुची आणि कोषा मांगशो. ईशान्येकडील खानावळींत नागा पद्धतीचे आंबविलेल्या सोयाबीनचे 'अखुनी' असते. त्याचा दर्प प्रथम उग्र वाटतो, पण सुकट-बोंबलावर वाढलेल्या कोकणी माणसाने त्याविषयी तक्रार करू नये!

हे सारे टिकून राहील याची शाश्वती नाही. इंदिरानगरातील भाडी इतकी चढली आहेत की लहान मालकास मुख्य रस्ता सोडून आत जावे लागते. मेट्रोच्या बांधकामकाळात सी.एम.एच. रस्त्यावरील व्यापाऱ्यांनी धंदा बुडेल म्हणून मार्गाला विरोध केला होता. 20 ऑक्टोबर 2011 रोजी गाडी सुरू झाली आणि वर्दळ परतली, पण जागांच्या किमतीही वाढल्या. जुलै 2025 मध्ये यूपीआयवरील जमा रकमांच्या आधारे कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने लहान विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या, तेव्हा बंगळुरातील अनेक दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या झळकल्या. त्याच महिन्यात शासनाने थकबाकीच्या मागणीबाबत माघार घेतली. तरीही छोट्या ठिकाणी जाताना थोडी रोकड जवळ ठेवावी.

बिलही वाचावे. साध्या उपाहारगृहात वस्तू व सेवा कर 5 टक्के असतो. दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला मालक आपसमेळ, म्हणजे कंपोझिशन योजनेत असेल, तर त्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही व तशी पाटी लावावी लागते. अशा ठिकाणी बिलात कर दिसल्यास विचारणा करावी. 'सेवा शुल्क' हा कर नव्हे. ते बिलात आपोआप जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. आडरस्त्यांवरील खानावळींत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तेथे बिल म्हणजे पुष्कळदा मालकाने तोंडी सांगितलेला आकडा असतो.