चक्रवाढ आणि मर्यादा : लोकसंख्या व अर्थव्यवस्था यांच्या अखंड वाढीचा प्रश्न

लोकसंख्या आणि अर्थव्यवस्था यांची वाढ अखंडपणे चालू राहू शकेल काय, हा प्रश्न आधुनिक अर्थशास्त्राच्या आरंभापासूनच विचारला जात आहे. थॉमस माल्थसने १७९८ साली लोकसंख्येपुरते त्याचे नकारार्थी उत्तर दिले. पुढील दोन शतकांत त्याचे भाकीत वारंवार फसले, आणि तरीही प्रश्न मिटला नाही. याचे एक कारण असे की, ‘वाढ’ या एकाच शब्दाने आपण तीन भिन्न गोष्टी दर्शवीत असतो : माणसांची संख्या, निसर्गातून उपसल्या जाणाऱ्या द्रव्यांचे परिमाण, आणि पैशांत मोजलेले उत्पन्न. या तिहींना निरनिराळे नियम लागू पडतात. त्यांची फोड करून, मुख्यत्वे भारतीय अनुभवाच्या आधारे, या प्रश्नाचा विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रथम चक्रवाढीचे गणित ध्यानात घेऊ. १९६१ ते १९७१ या दशकात भारताची लोकसंख्या दरसाल सुमारे २.२ टक्के वेगाने वाढत होती. १९७१ च्या जनगणनेनुसार ती सुमारे ५४.८ कोटी होती. म्हणजे दर माणशी सुमारे सहा हजार चौरस मीटर भूमी उपलब्ध होती. २.२ टक्के हा आकडा दिसावयास लहान. परंतु या वेगाने लोकसंख्या ३२ वर्षांत दुप्पट होते आणि तोच वेग टिकला असता, तर अवघ्या चारशे वर्षांत प्रत्येकाच्या वाट्याला एक चौरस मीटर, म्हणजे जेमतेम उभे राहण्यापुरती जागा आली असती. तेव्हा भौतिक वाढीला अंत आहे की नाही, हा खरा वादाचा विषयच नव्हे. तो अंत कोणत्या मार्गाने येतो, आणि त्याची सूचना वेळेवर मिळते की नाही, हा खरा प्रश्न होय.

लोकसंख्येच्या बाबतीत तो अंत माल्थसच्या कल्पनेहून वेगळ्या मार्गाने येत आहे. १९५० च्या सुमारास भारतीय स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास अपत्ये होत असत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हा जननदर २.०, आणि महाराष्ट्रात १.७ इतका आढळला. पिढीची जागा पुढील पिढीने जेमतेम भरून काढण्यास लागणाऱ्या २.१ या पातळीहून तो खाली आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांच्या वाट्याला समाजाचा रोषच आला. शंभर वर्षांत तोच विचार घरोघरी रुजला. बालमृत्यूंत झालेली घट, मुलींचे शिक्षण, विवाहाचे वाढलेले वय आणि साधनांची उपलब्धता ही त्याची कारणे. केरळात १९८० नंतरच्या दशकातच जननदर या पातळीवर आला, तो सक्तीने नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० नंतरच्या दशकाच्या मध्यास साधारणतः १,०३० कोटींवर पोहोचून मग उतरू लागेल. उपासमारीने नव्हे, तर माणसांच्या स्वतःच्या निर्णयाने ही वाढ थांबत आहे.

अन्नाच्या बाबतीतही निराशावाद्यांचे अंदाज चुकले. १९६६ साली भारताला एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात करावे लागले. पुढच्याच वर्षी विल्यम व पॉल पॅडॉक या बंधूंनी १९७५ पर्यंत महादुष्काळ येईल आणि भारताला मदत करणे व्यर्थ आहे, असे प्रतिपादन केले. प्रत्यक्षात १९५०-५१ मधील सुमारे पाच कोटी टनांचे धान्योत्पादन २०२२-२३ मध्ये तेहतीस कोटी टनांच्या घरात गेले. लोकसंख्या चौपट झाली, धान्य सहापटींहून अधिक झाले. १९८० साली अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन आणि जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांच्यात तांबे, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन या पाच धातूंच्या किमतींवर पैज लागली. दहा वर्षांनी त्या किमती, चलनवाढ वजा जाता, उतरलेल्या आढळल्या व सायमन जिंकले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : टंचाईने किंमत चढते, चढलेल्या किमतीमुळे काटकसर, नवे शोध आणि पर्यायी वस्तू यांना चालना मिळते. हा युक्तिवाद सहजासहजी झटकून टाकता येणार नाही.

तथापि त्यात एक अट गृहीत धरलेली आहे : टंचाई किमतीत उमटली पाहिजे. ती उमटली नाही, तर काय घडते, याचे उदाहरण ज्या प्रदेशाने आपली धान्यटंचाई दूर केली, त्या पंजाबातच सापडते. १९६० च्या सुमारास तेथे दोन-सव्वादोन लाख हेक्टरांवर भात होत असे. आज तो तीस लाखांहून अधिक हेक्टरांवर होतो. भात हे पंजाबी माणसाचे मुख्य अन्न नव्हे. परंतु आधारभूत किंमत आणि सरकारी खरेदी यांमुळे ते सर्वांत भरवशाचे पीक ठरले. १९९७ साली शेतीपंपांची वीज मोफत झाली आणि मधला अल्पकाळ सोडता ती तशीच राहिली. त्यामुळे आणखी एक घनमीटर पाणी उपसण्याचा शेतकऱ्याला पडणारा खर्च जवळजवळ शून्य झाला. आज पंजाबात दरवर्षी उपसता येण्याजोग्या भूजलाच्या दीडपटीहून अधिक उपसा होतो. पाण्याची पातळी सात-आठ मीटरांखाली गेली, की जमिनीवर ठेवलेला साधा पंप ते ओढू शकत नाही. मग खोल विंधन विहीर आणि सबमर्सिबल पंप यांवाचून गत्यंतर उरत नाही. हा भांडवली खर्च ज्याला झेपतो, त्याचे शेत हिरवे राहते. लहान शेतकरी त्यासाठी कर्ज काढतो किंवा शेजाऱ्याकडून पाणी विकत घेतो. मर्यादा सर्वांवर एकाच दिवशी येत नाही. ती प्रथम दुर्बलांच्या दारात येते.

२००९ साली पंजाबने कायदा करून १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली. ऐन उन्हाळ्यातील बाष्पीभवन टळावे, हा हेतू योग्यच होता. परंतु वीज व खरेदी यांची मूळ व्यवस्था कायम राहिल्याने उपसा पुनर्भरणापेक्षा जास्तच राहिला.

आता तिसऱ्या, म्हणजे पैशांत मोजलेल्या वाढीकडे वळू. दरसाल सात टक्के वेगाने वाढणारे उत्पन्न शंभर वर्षांत सुमारे ८६७ पट होते. पाणी, धातू आणि इंधन यांचा वापर त्याच प्रमाणात वाढणे अर्थातच अशक्य आहे. तेव्हा उत्पन्न वाढत राहावयाचे, तर उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागील द्रव्यांचा वापर त्याच वेगाने घटला पाहिजे. हे काही प्रमाणात घडतेही. १९९० पासून ब्रिटनचे उत्पन्न वाढले, पण देशाच्या हद्दीतील हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे निम्म्यावर आले. अर्थात आयात मालामागील उत्सर्जन या हिशेबात धरलेले नाही. संपूर्ण जगाचे चित्र मात्र उलट आहे. १९७० साली निसर्गातून सुमारे तीन हजार कोटी टन द्रव्ये काढली जात. आता ते प्रमाण दहा हजार कोटी टनांवर गेले आहे, आणि या अवधीत लोकसंख्या फक्त सव्वादोन पट झाली आहे. केवळ कार्यक्षमता वाढवून भागत नाही, हे विल्यम जेव्हन्सने १८६५ सालीच दाखविले होते : वाफेचे यंत्र जसजसे कमी कोळशात चालू लागले, तसतसा कोळशाचा एकूण खप वाढतच गेला.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, दारिद्र्य असलेल्या देशाला वाढीच्या मर्यादांची चर्चा परवडणारी नाही. आक्षेपात तथ्य आहे. ज्यांच्या घरी पुरेसे अन्न नाही, त्यांना थांबा असे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु पंजाबचे उदाहरण नेमके हेच दर्शविते की, मर्यादांकडे दुर्लक्ष केल्याचा भार प्रथम गरिबांवरच पडतो.

म्हणून अखंड वाढ शक्य आहे काय, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. लोकसंख्येची वाढ थांबण्याच्या मार्गावर आहे. द्रव्यांच्या वापराची वाढ थांबलीच पाहिजे. उत्पन्नाची वाढ किती काळ चालेल, हे ती द्रव्यांपासून किती वेगाने विलग होते, यावर अवलंबून राहील. आणि ते समजण्यास आपले हिशेब सरळ हवेत. उपशाच्या पाण्यावर पिकलेला भात राष्ट्रीय उत्पन्नात जमा होतो, नवी विंधन विहीर गुंतवणुकीत जमा होते. भूगर्भातून कायमचे गेलेले पाणी मात्र त्या उत्पन्नातून कोठेच वजा होत नाही. मुद्दल मोडून केलेल्या खर्चाला व्यवहारात कोणी प्राप्ती म्हणत नाही. राष्ट्राच्या जमाखर्चात आपण ती चूक दरवर्षी करीत आहो.