प्रतिमा-संपादनातील थरांचे व्यवस्थापन व निर्यात : मूळ फाइलीच्या जतनाचा विचार

प्रस्तावना :
महाविद्यालयाचे वार्षिकांक, चर्चासत्रांची पत्रके, प्रमाणपत्रे यांची रचना आज संगणकावर होते. छपाई झाल्यावर बहुधा तयार चित्राची जेपीईजी फाइल तेवढी जपली जाते. मूळ फाइल रचनाकाराकडेच राहते किंवा कालांतराने नष्ट होते. पुढील वर्षी प्रमाणपत्रावरील केवळ सन बदलायचा असला, तरी संपूर्ण रचना नव्याने करावी लागते. या अडचणीचे मूळ थर आणि निर्यात या दोन संकल्पनांतील संबंध नीट लक्षात न घेण्यात आहे. प्रस्तुत लेखात त्या संबंधाचे विवेचन केले आहे.

थराची संकल्पना :
थर अर्थात लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचांपैकी एक काच होय. पार्श्वभूमी, छायाचित्र, बोधचिन्ह व अक्षरे स्वतंत्र थरांवर असल्यास एकाला धक्का न लावता दुसऱ्यात बदल करता येतो. थॉमस व जॉन नोल या बंधूंनी विकसित केलेले फोटोशॉप १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. थरांची सोय मात्र १९९४ मधील ३.० या आवृत्तीत आली. तत्पूर्वी चित्रावर चिकटवलेला भाग निवड सोडताच खालच्या चित्रात कायमचा मिसळून जात असे.

थरांचे व्यवस्थापन :
प्रत्येक थराला अर्थपूर्ण नाव देणे ही व्यवस्थापनाची पहिली पायरी होय. ‘लेयर १७’ या नावावरून काहीच बोध होत नाही. ‘बोधचिन्ह’ या नावावरून होतो. परस्परसंबंधित थरांचे गट करावेत. नको असलेला भाग पुसून टाकण्याऐवजी मास्कने झाकावा, म्हणजे तो पुन्हा मिळवता येतो. रंग व उजेड यांतील बदलही मूळ छायाचित्रावर न करता स्वतंत्र समायोजन थरावर करावेत.

थर वाढले की फाइल मोठी होते. ए-४ आकाराच्या पृष्ठात ३०० डीपीआयला २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू असतात. पारदर्शकतेसह प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरल्यास एका पूर्ण थराला, संक्षेपणापूर्वी, सुमारे ३.५ कोटी बाइट लागतात. त्यामुळे सर्व थर एकत्र करून टाकण्याचा मोह होतो. पण फाइल एकदा तशी जतन करून बंद केली, की थर पुन्हा वेगळे होत नाहीत.

निर्यातीचे स्वरूप :
जतन करणे आणि निर्यात करणे या भिन्न क्रिया आहेत. गिम्प या मुक्त आज्ञावलीने २०१२ मधील २.८ या आवृत्तीपासून हा भेद स्पष्ट केला. तेथे ‘सेव्ह’ केल्यास थरांसह एक्ससीएफ फाइल तयार होते. जेपीईजी वा पीएनजीसाठी ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. फोटोशॉपमध्ये हे काम पीएसडी स्वरूप करते. त्याची मर्यादा प्रत्येक बाजूस ३०,००० बिंदू व एकूण २ जीबी इतकी आहे.

जेपीईजीमध्ये थर उरत नाहीत, पारदर्शकता राहत नाही आणि संक्षेपणात काही तपशील गळतो. तीच फाइल उघडून पुन्हा पुन्हा जतन केल्यास ही हानी वाढत जाते. पीएनजीमध्ये पारदर्शकता टिकते व तपशील गळत नाही, म्हणून बोधचिन्हासारखा एखादाच थर वेगळा काढण्यास ते सोयीचे ठरते. छपाईसाठी पीडीएफ योग्य, कारण तीत अक्षरांच्या कडा रेखीव राहू शकतात.

देवनागरी मजकुराचा प्रश्न :
मजकुराचा थर बिंदुरूप चित्रात बदलला, की ऱ्हस्व-दीर्घाची चूकही सुधारता येत नाही. तो तसाच ठेवला आणि मुद्रणालयाच्या संगणकावर तो फाँट नसला, तर अक्षरवळण व ओळींची मांडणी बदलू शकते. युनिकोडपूर्व फाँटांत तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक समूह दिसतो. म्हणून मूळ फाइलीत मजकूर संपादनयोग्य ठेवावा, शक्यतो युनिकोड फाँट वापरावा आणि छपाईच्या पीडीएफमध्ये तो अंतर्भूत करावा.

निष्कर्ष :
निर्यात हा एकेरी मार्ग आहे. थरयुक्त फाइलीतून हवी तितकी चित्रे काढता येतात. चित्रातून थर जसेच्या तसे परत मिळत नाहीत. म्हणून रचनेचे काम सोपवतानाच मूळ थरयुक्त फाइल, छपाईची पीडीएफ आणि वापरलेल्या फाँटांची नोंद या तिन्ही गोष्टी महाविद्यालयाकडे सुपूर्द करण्याची अट घालावी. हस्तलिखिताइतकेच या फाइलीचे जतन महत्त्वाचे आहे.