शंभराच्या पलीकडचं टेनिस

मालवणच्या बाजारात टेनिसचा चेंडू कुठल्याही दुकानात मिळतो. रॅकेट मागितली तर मात्र दुकानदार बॅडमिंटनची काढून देतो. आपल्याकडे हा चेंडू क्रिकेटचा! बोर्डिंग ग्राउंडवर, किनाऱ्याच्या वाळूत, भातकापणी झालेल्या मळ्यात तो वर्षभर उडत असतो. तरीही विम्बल्डनच्या महिला एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय खेळाडू जिच्या पोटी जन्मली, तिचं माहेरचं घराणं याच सिंधुदुर्गातलं आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर एकदा तरी त्या खेळाडूचं नाव लिहिलं जायला हवं. लीला राव.

४-६, १०-८, ६-२

साल १९३४. लीला राव यांच्यासमोर पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल होती. पहिला सेट गेला. दुसरा लांबत लांबत १०-८ पर्यंत पोचला आणि लीलाबाईंनी घेतला. टायब्रेक विम्बल्डनला आला तो १९७१ मध्ये. तोवर दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळतच राहायचं, दुसरा रस्ता नव्हता. तिसरा सेट ६-२. चेंडूसुद्धा पांढरा होता. पिवळ्या चेंडूला विम्बल्डनने १९८६ मध्ये जागा दिली, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर.

दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इदा अदामॉफकडून त्या हरल्या. पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या आणि पहिल्याच फेरीत बाद झाल्या. विम्बल्डन एकेरीतली त्यांची मिळकत एवढीच, एक विजय. मायदेशी मात्र अखिल भारतीय स्पर्धेचं एकेरीचं विजेतेपद त्यांनी सात वेळा मिळवलं.

आता घराणं बघा. लीलाबाईंची आई पंडिता क्षमा राव. त्यांची संस्कृत ‘सत्याग्रहगीता’ १९३२ मध्ये पॅरिसला छापली गेली, आणि त्या स्वतः टेनिसही खेळत. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे वेदांचे गाढे अभ्यासक. सायणभाष्यासह अथर्ववेदाची आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. हे पंडित मूळचे कुडाळ तालुक्यातल्या बांबुळीचे. विजयालक्ष्मी पंडितांचे यजमान आणि ‘राजतरंगिणी’चे भाषांतरकार रणजित पंडित हेही याच घराण्यातले. आजोबा अथर्ववेदात, आई अनुष्टुभ छंदात आणि नात विम्बल्डनच्या गवतावर, असं दुसरं घर मला तरी ठाऊक नाही. लीलाबाई पुढे नृत्यशास्त्रावर लिहू लागल्या आणि १९४३ मध्ये हरीश्वर दयाळ या सनदी अधिकाऱ्याशी त्यांचा विवाह झाला. दयाळ पुढे नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते.

जगात ७७२ वा

आता जगातल्या पहिल्या शंभराच्या पलीकडच्या खेळाडूंकडे वळू. टेनिसची क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांतल्या गुणांवर चालते. गेल्या वर्षी या आठवड्यात मिळवलेले गुण या वर्षी त्याच आठवड्यात गळून पडतात. म्हणून दुखापत होऊन चार महिने घरी बसलेला खेळाडू आपोआप खाली घसरतो.

या क्रमवारीत ७७२ व्या क्रमांकावर असलेला इंग्लंडचा मार्कस विलिस २०१६ मध्ये काय करत होता? वॉरिकच्या एका क्लबमध्ये तासाला ३० पौंड घेऊन लोकांना टेनिस शिकवत होता. त्या वर्षी तो जेमतेम एक स्पर्धा खेळला होता, ट्युनिशियातली. अमेरिकेत प्रशिक्षकाची नोकरी धरायचं त्याच्या मनात होतं. दंतवैद्य असलेल्या त्याच्या मैत्रिणीने त्याला थांबवलं. खेळत राहा, म्हणाली.

विम्बल्डनच्या पात्रता फेरीत जागा मिळावी म्हणून तेव्हा ब्रिटिश खेळाडूंची एक छोटी स्पर्धा होत असे. तिथे विलिस तीन सामने जिंकला. मग पात्रता फेरीत आणखी तीन, आणि त्यात त्याने हरवलेल्यांची नावं वाचा: युइची सुगिता, आंद्रे रुबलेव्ह आणि पुढे जगात अव्वल ठरलेला दानिल मेदवेदेव! मुख्य स्पर्धेत पहिल्या फेरीत रिचर्दस बेरान्किसला सरळ सेटमध्ये गुंडाळलं. दुसऱ्या फेरीत सेंटर कोर्ट, समोर रॉजर फेडरर.

पहिला सेट ०-६ गेला. दुसऱ्यात विलिसने पहिला गेम घेतला, तेव्हा अख्खं सेंटर कोर्ट उठून उभं राहिलं. मग त्याने फेडररच्या डोक्यावरून एक उंच लॉब टाकला, तो आजही लोक काढून काढून बघतात. निकाल ६-०, ६-३, ६-४. विलिस हरला आणि ५० हजार पौंड घेऊन घरी गेला. वर्षभरात तोवर त्याची बक्षिसाची कमाई तीनशे पौंडांच्याही आत होती.

वाटा कोणाला किती

रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, दोर ओढायला जो येतो, त्याचा वाटा ठरलेला असतो. मासळी कमी आली तर सगळ्यांचा वाटा कमी होतो. टेनिसमध्ये दोर सगळे ओढतात, वाटा मात्र शेवटपर्यंत टिकलेल्यांचा. पुरुषांची सगळ्यात खालच्या पायरीवरची व्यावसायिक स्पर्धा १५ हजार डॉलरची. एकेरीच्या विजेत्याला त्यातले २,१६० डॉलर मिळतात आणि पहिल्या फेरीत हरलेल्याला १५६, म्हणजे साधारण १३ हजार रुपये. एवढ्यात विमानाचं तिकीट, हॉटेल, व्हिसा आणि रॅकेटच्या तारा कशा बसवायच्या?

गुणांचंही तसंच. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला २,००० गुण. १५ हजारांची स्पर्धा जिंकली तर १५. पहिल्या फेरीत हरलं तर शून्य.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ सालचा हिशेब मांडला, तेव्हा व्यावसायिक स्पर्धांत जवळजवळ १४ हजार खेळाडू होते. त्यातल्या सहा हजारांहून अधिक जणांना बक्षिसाचा एक पैसाही मिळाला नव्हता. प्रशिक्षकाचा पगार बाजूला ठेवून नुसता खर्च-कमाईचा मेळ बसायला पुरुषांत ३३६ वा आणि स्त्रियांत २५३ वा क्रमांक लागत होता. फुटबॉल किंवा क्रिकेटमधला देशातला ५०० वा खेळाडूसुद्धा व्यवस्थित घर चालवतो. टेनिसमधला जगातला ५०० वा माणूस रात्रीच्या बसने प्रवास करतो, दुसऱ्या खेळाडूबरोबर खोली वाटून घेतो, आणि अनेक ठिकाणी बॉलबॉय नसल्यामुळे चेंडूही स्वतःच उचलतो. याच कारणासाठी तुर्कस्तानातलं अंताल्या, ट्युनिशियातलं मोनास्तीर, इजिप्तमधलं शर्म अल शेख ही समुद्रकाठची गावं या खेळाडूंनी भरलेली असतात. एकाच जागी आठवड्यामागून आठवडे स्पर्धा होतात, प्रवासखर्च वाचतो.

१२६ वा आणि इतर

लिअँडर पेसचे वडील डॉ. वेस पेस आपल्या शेजारच्या गोव्याचे, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्य मिळवलेल्या संघातले. मुलगा १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला गेला, तेव्हा एकेरीत जगात १२६ वा होता. वाइल्ड कार्डवर प्रवेश मिळाला, आणि ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीला हरवून कांस्य घेऊन आला. १९५२ च्या हेलसिंकीतल्या खाशाबा जाधवांनंतर भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. क्रमवारीकडे बघून त्याला कोणी पाठवलाच नसता तर?

पुण्याच्या नितीन कीर्तनेची गोष्ट मला फार आवडते. १९९२ मध्ये त्याने महेश भूपतीच्या साथीने विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीची अंतिम फेरी गाठली. तिसऱ्या सेटमध्ये ७-९ ने निसटली. भूपतीचं पुढे जगभर नाव झालं. कीर्तने घरच्या कोर्टांवर वर्षानुवर्षं खेळत राहिला. दोघांमध्ये त्या दुपारी फरक काहीच नव्हता.

बॅडमिंटनचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरले आणि रॅकेट बदलली. १९५६ मध्ये परदेशातली बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांचा मुलगा गौरव टेनिसकडेच परतला, आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण घेऊन आला.

आणि बार्शी! सोलापूर जिल्ह्यातल्या या गावची प्रार्थना ठोंबरे २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर कांस्यपदक जिंकली, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्येही तिच्याच जोडीने उतरली. चीनच्या जोडीने त्यांना तीन सेट खेळवलं, अडीच तासांहून जास्त. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले एकेरीत पहिल्या शंभरात कधी पोचली नाही, पण ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोउमध्ये रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचं आशियाई सुवर्ण तिच्या गळ्यात होतं. पहिला सेट २-६ गमावल्यानंतर! पुण्याच्या अर्जुन कढेने ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर ऑक्टोबर २०२४ मध्ये अल्माटीची एटीपी दुहेरी जिंकली. शेवटचा सुपर टायब्रेक १४-१२ असा संपला.

चेंडू हातात घेतलाच आहे तर

टेनिसच्या चेंडूचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅममध्ये असावं लागतं. २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. विम्बल्डनचे चेंडू फिलिपिन्समध्ये तयार होतात. आत असतं रबर, आणि रबराच्या बागा तर आपल्या दोडामार्गातही आहेत. व्यावसायिक सामन्यात पहिल्या ७ गेमनंतर आणि मग दर ९ गेमनंतर चेंडू बदलतात. आपल्याकडे एकच चेंडू, विहिरीत पडेपर्यंत.

नजर ठेवावी असं नाव

पुण्याची वैष्णवी आडकर. २०२५ मध्ये जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत तिने एकेरीचं कांस्य जिंकलं. या स्पर्धेतलं टेनिसचं पदक त्याआधी १९७९ मध्ये मेक्सिकोला नंदन बाळने आणलं होतं, रौप्य. आणि तोही पुण्याचाच. मध्ये ४६ वर्षं गेली.

असे खेळाडू बघायला लंडनला जावं लागत नाही. पुणे, सोलापूर, नवी मुंबई इथे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या महिलांच्या स्पर्धा होतात. बहुतेक ठिकाणी तिकीट लागत नाही, आणि बसायला जागा कोर्टापासून दहा पावलांवर मिळते. पात्रता फेरीचे सामने रविवार-सोमवारी असतात. मुलांना घेऊन त्या दिवशी जा, कारण तेव्हा एकाच वेळी चार-पाच कोर्टांवर खेळ सुरू असतो.