घरच्या घरी एडिटिंग (लेखांक ४) : आधी फाइल बघा, मग मशीन घ्या

शूटिंग, आवाज आणि फुटेज नीट लावून ठेवणं हे विषय मागच्या तीन लेखांत झाले. आजचा विषय खर्चाचा आहे. घरी बसून एडिटिंग करायचं तर कॉम्प्युटर कोणता घ्यावा?

हा प्रश्न मी सावंगी (मेघे) समोर ठेवून सोडवणार आहे. वर्ध्याला लागून असलेल्या या गावात १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पुढे दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपीची महाविद्यालयं आली. त्यामुळे इथे लग्न, हळद, वाढदिवसाच्या व्हिडिओंच्या जोडीला आणखी एक गरज आहे. लेक्चर रेकॉर्ड करायचं असतं, परिषदेसाठी शस्त्रक्रियेचा आठ मिनिटांचा व्हिडिओ कापायचा असतो. ही कामं भाड्याच्या खोलीत किंवा हॉस्टेलवर रात्री बसून होतात. दुसरं कारण इथला उन्हाळा. थंड देशांतल्या लोकांनी दिलेले सल्ले वर्ध्याच्या मे महिन्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

एक तक्रार सगळीकडे ऐकू येते. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ प्लेअरमध्ये मख्खन चालतो, एडिटिंगला टाकला की अडकतो. मग दुकानदार महागडं ग्राफिक कार्ड सुचवतो, घरचे ते घेऊन देतात, आणि अडकणं पुष्कळदा तसंच राहतं. हे का होतं ते समजलं तर निम्मे पैसे वाचतात, म्हणून इथे थोडं थांबू.

फोर-के व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले आणि सेकंदाला ३० फ्रेम, तर दर सेकंदाला जवळजवळ ७५० एमबी होतात. आयफोन मात्र असा एक मिनिटाचा व्हिडिओ एच.२६५ या दाबण्याच्या पद्धतीने साधारण १७० एमबीत बसवतो. सेकंदाला तीन एमबीसुद्धा नाहीत! माहिती अडीचशे पटींहून जास्त दाबलेली आहे. ती दाबण्याची युक्ती अशी की प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवायचीच नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम ठेवायची आणि मधल्या फ्रेमांत फक्त काय बदललं एवढंच लिहायचं. व्हिडिओ सरळ पुढे बघताना हे सोपं जातं. एडिटिंगमध्ये आपण मागे जातो, पुढे उडी मारतो, एकेक फ्रेम उलटी सरकवतो. प्रत्येक वेळी मशीनला आधीची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळं पुन्हा उलगडावं लागतं. अडकतं ते इथे.

हे उलगडण्याचं काम प्रोसेसरवर किंवा ग्राफिक कार्डावर एका स्वतंत्र छोट्या भागात होतं. त्याला डीकोडर म्हणतात. इंटेलने २०११ पासून तो प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सबरोबर दिला. क्विक सिंक हे त्याचं नाव. म्हणून इंटेलचा प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर नाही ना, हे बघा. ‘एफ’ असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं आणि क्विक सिंकही नसतं. गेम खेळणाऱ्याला चालेल, आपल्याला नको.

मिररलेस कॅमेऱ्यावर १०-बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये शूट करणाऱ्यांनी आणखी जपावं. हा प्रकार इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे प्रोसेसर उलगडतात; एनव्हिडियाच्या कार्डांत तो २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आला. म्हणजे त्याआधीचं भारी कार्ड या एका कामात साध्या इंटेल प्रोसेसरच्या मागे पडतं. सॉफ्टवेअरनेही डीकोडर वापरायला हवा. दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आणि विकतच्या आवृत्तीत इथे फरक आहे, आणि लिनक्सवरची मोफत आवृत्ती तर एच.२६४ आणि एच.२६५ उघडतच नाही. लिनक्सवाल्यांना केडेनलाइव्ह बरं.

नवीन काही घेण्याआधी एक मार्ग नक्की करून बघा. सगळ्या फुटेजच्या हलक्या प्रती, ज्यांना प्रॉक्सी म्हणतात, रात्री बनवायला लावून झोपा. सकाळी कापाकापी त्या प्रतींवर करा. शेवटच्या एक्सपोर्टला सॉफ्टवेअर मूळ फाइल वापरतं. महिन्यातून एखादा व्हिडिओ करणाऱ्याला बऱ्यापैकी जुना कॉम्प्युटरही यावर पुरतो. त्याने नवा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रॅम १६ जीबीपेक्षा कमी नको. फोर-के नेहमीचं असेल तर ३२. शक्यतो एकाऐवजी दोन सारख्या पट्ट्या लावा, वेग वाढतो. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत. आज जमत नसेल तर १६ घ्या, पण मदरबोर्डवर पट्टी वाढवायला जागा राहील असं बघा.

डिस्कच्या वेगाची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त घातली जाते. सेकंदाला १०० मेगाबिटने शूट करणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी भरतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. साधी हार्ड डिस्कसुद्धा याच्या दहापट देते. तिची अडचण होते ती दोन-तीन कॅमेऱ्यांच्या फाइली एकदम वाचताना. म्हणून चालू काम एसएसडीवर ठेवा, झालेलं काम हार्ड डिस्कवर, आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. लग्नाचं फुटेज पुन्हा शूट करता येत नाही.

आता उन्हाळा. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. कॉम्प्युटर खोलीतल्याच हवेने थंड होतो, त्यामुळे खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच तापते. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत ८० वर चालणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत ९७ वर जाईल. ९५ ते १०० च्या दरम्यान बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. पातळ लॅपटॉपमध्ये हे सगळ्यात आधी होतं. डिसेंबरमध्ये वीस मिनिटांत होणारं एक्सपोर्ट मे महिन्यात लांबलं तर मशीन बिघडलं असं समजू नका. मॅक मिनीसारख्या यंत्रालाही कंपनीने चालवण्याची मर्यादा ३५ अंश सांगितली आहे, आणि मेच्या दुपारी कुलर नसलेली खोली ती सहज ओलांडते.

कुलर चालू असेल तर खोली खरोखर थंड होते आणि मशीनला फायदा होतो, फक्त कॅबिनेट त्याच्या थेट झोतात नको. ताट्यांतून उडणारे पाण्याचे बारीक थेंब आणि जड पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. कॅबिनेट झोताच्या बाजूला, जमिनीपासून वर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. काचेचं बंद तोंड असलेल्या दिखाऊ कॅबिनेटपेक्षा जाळीचं तोंड असलेलं घ्या आणि धुळीची जाळी दर पंधरवड्याला काढून झटका. मोठं एक्सपोर्ट पहाटे लावा.

पॉवर सप्लायवर पैसे वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि सगळ्यात वाईट परिणाम तिथेच होतो. ‘८० प्लस’ची चाचणी सुमारे २३ अंश तापमानात घेतात. म्हणून बिल्ल्यावर न थांबता माहितीपत्रक उघडा आणि लिहिलेले वॅट ४० अंशांना मिळतात की ५० अंशांना, ते वाचा. आपल्याला ५० वाला हवा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण आत तिसरी तार जोडलेलीच नसते.

लाइन गेली तर काय? ६०० व्हीएचा साधा युपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो. मोठं कार्ड असलेलं मशीन एक्सपोर्ट करत असताना तो लगेच बंद पडेल. युपीएसकडून फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटं मिळाली तरी पुरे, पण तेवढी नक्की मिळायला हवीत. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का ते बघा आणि मागचं बटण ‘युपीएस’वर ठेवा. दुसऱ्या मोडवर बदलायला लागणारा वेळ कॉम्प्युटरला सहन होईलच असं नाही. याच कारणाने सावंगीसारख्या ठिकाणी कमी वीज खाणारं मशीन मला जास्त शहाणपणाचं वाटतं. एम-४ चिपचा मॅक मिनी जास्तीत जास्त ६५ वॅट घेतो, लहान युपीएसवरही बराच टिकतो आणि एच.२६५ सहज उलगडतो. मात्र त्याची मेमरी पुढे वाढवता येत नाही. जी लागेल ती खरेदीच्याच वेळी घ्यावी लागते.

शस्त्रक्रियेचे व्हिडिओ घरी आणणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना एक कळकळीचं सांगणं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या रेकॉर्डिंगमध्ये पडद्याच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव आणि नंबर छापलेला असू शकतो, आणि आवाजात तो कुणीतरी उच्चारलेला असू शकतो. संमती आणि संस्थेची परवानगी असल्याशिवाय फाइल बाहेर नेऊच नका. नेली तर डिस्कला एन्क्रिप्शन लावा, आणि पहिला कट मारण्याआधी कोपरा झाका, मूळ आवाज काढा. या फुटेजला वेगळी एसएसडी हवी. मित्राला सिनेमा द्यायला फिरणारी नको. बहुतेक असे व्हिडिओ फुल एचडीतच असतात, त्यामुळे यासाठी मोठं कार्ड लागतच नाही.

थोडक्यात माझा क्रम असा : डीकोडर असलेला प्रोसेसर, पुरेशी रॅम, एसएसडी, चांगला पॉवर सप्लाय, युपीएस. एवढं झाल्यावर पैसे उरले तर ग्राफिक कार्ड. रंगाचं बारीक काम किंवा नॉइज काढण्याचं काम रोज करणाऱ्यांनीच कार्ड वर आणावं.

नागपूरला सीताबर्डीवर जा किंवा वर्ध्यातच घ्या, पण जाताना तुमच्याच कॅमेऱ्याची दहा मिनिटांची फाइल पेनड्राइव्हवर न्या. दुकानातल्या मशीनवर ती एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकायला सांगा आणि उलटी सरकवून बघा. अडकली तर पैसे देऊ नका. घेतलंत तर प्रत्येक भागाचा मॉडेल नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागून घ्या. पुढच्या आठवड्यात मॉनिटर आणि रंग.