चुना, खार आणि पागडी

फ्लोरा फाउंटनच्या माथ्यावरची देवी कित्येक वर्षं पांढऱ्या ऑइलपेंटखाली होती. मुंबईच्या तटबंदीतला चर्चगेट नावाचा दरवाजा जिथे होता, त्या जागी १८६४ साली हे कारंजं उभं राहिलं. दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलँड, कोरीवकाम जेम्स फोर्सिथ यांचं. भर चौकातलं हे शिल्प स्वच्छ दिसावं म्हणून त्यावर अधूनमधून रंगाचा हात फिरत राहिला. हेतू चांगलाच होता. पण थरावर थर चढत गेले तशा देवीच्या वस्त्राच्या चुण्या बुजल्या, कोरीव रेषा बोथट झाल्या आणि दगडात शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही. जानेवारी २०१९ मध्ये संवर्धन पूर्ण होऊन कारंज्यातून पुन्हा पाणी उडालं, तेव्हा मुंबईकरांना दगडाचा मूळ रंग दिसला. हे काम चालू असताना भोवतालची जमीन खणली, तर खाली चक्क ट्रामचे रूळ निघाले. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. रूळ मात्र कुणी उचलले नव्हते, त्यांच्यावर नुसतं डांबर चढलं होतं.

जुन्या मुंबईवर अशी कितीतरी पुटं चढली आहेत. इथल्या ऐतिहासिक इमारतींना काळाने जेवढं जेरीस आणलं, तेवढंच घाईगर्दीच्या डागडुजीनेही आणलं. म्हणून संवर्धनाच्या कामाची सुरुवात बहुतेक वेळा काहीतरी काढण्यापासून होते. आधी रंग काढायचा, सिमेंट काढायचं, मागाहून घातलेले पोटमाळे आणि प्लायवुडच्या भिंती काढायच्या. मग खरी इमारत कुठे आहे आणि तिला काय झालंय, ते कळतं.

समुद्राकाठच्या शहरात भिंतीला मुख्य त्रास मिठाचा. कुलाब्याला पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतोच. पाण्यात विरघळलेलं मीठ दगडाच्या आणि विटेच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतं. ऊन पडलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि त्याचे स्फटिक होतात. स्फटिक फुगताना आतून दाब देतात. दगडाचा पातळ पापुद्रा सुटतो, गिलाव्याचे पोपडे पडतात, भिंतीवर पांढरा खार फुटतो. पुढच्या पावसात हेच पुन्हा. लोखंडाची गत याहून वाईट. गंजलेलं लोखंड मूळ आकाराच्या कित्येक पट जागा घेतं, त्यामुळे दगडात बसवलेली एखादी कांब गंजली, की ती आजूबाजूचा दगड फोडूनच थांबते. त्यात कावळ्या-चिमण्यांनी टाकलेलं पिंपळाचं बी दगडांच्या सांध्यात रुजलं, की दोन पावसाळ्यांत त्याची मुळं भिंतीत वाट काढतात. वरवर छाटलेला पिंपळ जोमाने परत फुटतो. तो मुळासकट काढायचा, तर भोवतालचे दगड सोडवून पुन्हा बसवावे लागतात.

अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा म्हणजे दुखण्यावर घट्ट पट्टी बांधून आत पू होऊ देणं. सिमेंट कडक असतं, पाण्याला अडवतं. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना ओल घेतो आणि सोडतोही. भिंत थोडी हलली, तापली, आकसली, तरी चुन्याचा सांधा ते सोसतो. तो दगडापेक्षा मऊ असल्यामुळे झिजायची वेळ आली, तर आधी सांधा झिजतो आणि दगड वाचतो. सांधा पुन्हा भरता येतो, कोरीव दगड पुन्हा मिळत नाही. दरजांमध्ये सिमेंट भरलं, की हे गणित उलटं होतं. आत अडकलेली ओल दगडातूनच बाहेर पडू पाहते आणि सांधा शाबूत राहून दगड भुगा होतो. मुंबईतल्या अनेक देखण्या दर्शनी भिंतींवर सिमेंटच्या उंचावलेल्या रेघा आणि त्यांच्यामध्ये खोल गेलेले दगड असं चित्र दिसतं.

चुन्याची ओळख मराठी माणसाला गड-किल्ल्यांवरून आहे. कितीतरी गडांवर चुन्याची घाणी अजून पाहायला मिळते: गोल दगडी चर आणि त्यात बैलांनी फिरवायचं जड दगडी चाक. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, मुरू द्यायचा, मग वाळू आणि विटांची पूड, म्हणजे सुर्खी, घालून तो घाणीत मळायचा. जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर असं काही ना काही मिसळत. या कामाला वेळ लागतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू दगडासारखा होतो. त्याला सावकाश वाळू द्यावं लागतं, ओल्या गोणपाटांनी झाकावं लागतं. सिमेंट दुसऱ्या दिवशी घट्ट होतं, म्हणून ठेकेदाराला तेच परवडतं. सरकारी निविदांमध्ये सर्वात कमी दराला काम देण्याची रीत आहे आणि जुन्या इमारतींचं यात अपरिमित नुकसान झालं आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं.

गिलावा भिंतीचं काय रक्षण करतो, हे पाहायला जुन्या गोव्याला जावं. बॉम जेझू बॅसिलिकाच्या जांभ्या दगडाच्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीत तो खरवडून काढला, इमारत जुनी आणि भारदस्त दिसावी म्हणून. आज पर्यटकांच्या फोटोंत दिसणारा तो लालसर दगड म्हणजे कातडी सोललेली भिंत आहे. जांभा सच्छिद्र असतो, कोकणचा पाऊस त्यात मुरतो आणि दगड झिजत राहतो. गिलावा परत चढवावा ही मागणी जाणकार करतात. पण आता लोकांना तो लाल रंगच खरा वाटू लागला आहे.

मुंबईचा दगड बराचसा इथलाच. काळा बेसॉल्ट आणि कुर्ला-मालाडच्या खाणींतला दगड भिंतींना, पोरबंदरचा मऊ, फिकट दगड कोरीवकामाला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरची पानं, पक्षी, प्राणी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहेत. शहर पसरलं तशा मालाडच्या खाणी बंद झाल्या. त्यामुळे दुरुस्तीला त्याच पोताचा आणि रंगाचा दगड हवा असेल, तर पाडलेल्या जुन्या इमारतींचा दगड शोधावा लागतो. तो घडवायला पाथरवट लागतो, आणि कोरीव काम जाणणारे पाथरवट दिवसेंदिवस कमी होत आहेत.

या इमारतींना कायद्याचं संरक्षण आहे का? आहे. १९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली आणि असं पाऊल उचलणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर ठरलं. त्यामागे बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपचे श्याम चैनानी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांची वर्षानुवर्षांची चिकाटी होती. भारतीय पुरातत्त्व विभागाच्या यादीत प्रामुख्याने लेणी, मंदिरं, किल्ले. रोज वापरातली कचेरी, ग्रंथालय, चाळ, सिनेमागृह यांचं काय, हा प्रश्न या नियमावलीने हातात घेतला. सहाशेहून जास्त वास्तू आणि परिसर यादीत आले. त्यांच्या श्रेणी ठरल्या आणि बदलाआधी वारसा समितीची परवानगी घेणं बंधनकारक झालं.

कायद्याने पाडकाम रोखलं. पडझड रोखायला त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलची कहाणी त्यासाठी समजून घ्यायला हवी. १८६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या इमारतीचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला आणि सुटे भाग जहाजाने आणून इथे जोडले. आराखडा रोलँड मेसन ऑर्डिश यांचा. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच. त्याच वर्षी मार्क ट्वेनचा मुक्कामही इथे होता. पुढे हॉटेल बंद पडलं, इमारत एस्प्लनेड मॅन्शन झाली, दालनांच्या खोल्या आणि खोल्यांच्या कचेऱ्या झाल्या. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. त्याच सुमारास वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर स्थळांत हिची नोंद केली. २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. मुंबई आयआयटीच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली आणि वारसाप्रेमींनी त्या शिफारशीला विरोध केला. पहिल्या श्रेणीची नसली तरी यादीत सन्मानाने बसलेली इमारत इथवर कशी आली?

उत्तर पागडीत आणि भाड्यात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. फाळणीच्या काळात बेघर होऊन आलेल्यांना आणि गिरणगावातल्या कामगारांना त्याने आधार दिला, हे विसरून चालणार नाही. पण दशकं उलटली तरी भाडं तेवढंच राहिलं. मालकाच्या हाती येणाऱ्या रकमेत एक खिडकी दुरुस्त होईना. भाडेकरूने जागेसाठी एकरकमी पागडी मोजलेली, पण जागा त्याच्या नावावर नाही, म्हणून त्यानेही छपराला हात लावायचा नाही. गळती दोघांनाही दिसत होती. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळ आलं आणि उपकर गोळा करून जुन्या इमारती सावरू लागलं. लोकांचे जीव वाचवणं हे त्याचं पहिलं काम, आणि ते त्याने केलं. मात्र सागवानी तुळयांच्या जागी लोखंडी गर्डर, चुन्याच्या जागी सिमेंट आणि सज्जांना टेकू, असा त्या दुरुस्तीचा साचा होता. लोखंड खाऱ्या हवेत पुन्हा गंजलं.

जिथे मालक, पैसा आणि जाणकार एकत्र आले, तिथे काय होऊ शकतं हे भायखळ्याच्या राणीच्या बागेत दिसतं. मुंबईचं सर्वात जुनं संग्रहालय १८७२ मध्ये तिथे सुरू झालं. ते उभं करण्यासाठी खपलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव त्याला १९७५ साली मिळालं. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला. संवर्धनाची धुरा विकास दिलावरी यांनी सांभाळली. ओतीव लोखंडी खांब, मिंटनच्या फरशा, कोरीव लाकडी कपाटं आणि छतावरची नक्षी यांवरचं मळभ उतरलं, सोन्याच्या वर्खाचं काम पुन्हा झालं. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार या कामाला मिळाला. जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं.

रॉयल ऑपेरा हाऊसची गोष्ट मराठी रसिकांना जास्त जवळची. १९११ मध्ये उद्घाटन झालेल्या या नाट्यगृहात बालगंधर्व, मास्टर दीनानाथ गायले. बोलपटांच्या जमान्यात ते सिनेमागृह झालं आणि त्या बदलात बाजूचे सज्जे तोडले गेले. १९९३ मध्ये ते बंद पडलं. त्याची मालकी असलेल्या गोंडलच्या राजघराण्याने आभा नारायण लांबा यांच्याकडे काम सोपवलं. जुने फोटो पाहून सज्जे नव्याने बांधले गेले, पडदा २०१६ मध्ये उघडला. डेव्हिड ससून ग्रंथालयात तर मध्यंतरी उतरत्या छपराच्या जागी आलेला काँक्रीटचा सपाट स्लॅब काढून पुन्हा उतरतं छप्पर घातलं. ज्या प्रदेशात चार महिने पाऊस कोसळतो तिथे उतरतं छप्पर का होतं, हे आधीच्या पिढीला नीट ठाऊक होतं.

या यशोगाथा मोलाच्या आहेतच. पण पुरस्कार मिळतात ते मोठ्या, ठळक वास्तूंना. गिरगावची खोताची वाडी, काळबादेवी-भुलेश्वरची लाकडी कोरीव गॅलऱ्यांची घरं यांच्या वाट्याला असा करार येत नाही. त्यांना हवी आहे ती दर मे महिन्यात पन्हळी साफ करणारी, फुटकी कौलं बदलणारी, दरजा चुन्याने भरणारी साधी देखभाल, आणि तिच्यासाठी घरमालकाला परवडेल असं कर्ज किंवा करसवलत. वीस वर्षं दुर्लक्ष करून मग कोट्यवधींचं संवर्धन करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. वारसा इमारतीवर न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची तरतूद नियमात आहे, पण त्यातून मिळालेला पैसा त्याच इमारतीत मुरेल, याची खात्री करणारी व्यवस्था तितकीच पक्की हवी.

३० जून २०१८ रोजी ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या समूहात ९४ इमारती आहेत. त्या मागणीसाठी रहिवाशांच्या संघटना वर्षानुवर्षं झटल्या. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या गोलाकार सज्जांच्या इमारती. पूर्वेच्या दगडाचं दुखणं आता बरंचसं ओळखीचं झालं आहे. पश्चिमेकडच्या इमारती मात्र काँक्रीटच्या. त्यांच्या आतल्या सळ्या नव्वदीकडे चालल्या आहेत आणि समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे. सळी गंजली, की काँक्रीट फुटून सज्जाचा तुकडा खाली येतो. दुरुस्ती करताना जाड थर चढवला, तर गोलाईची धार जाते, खिडकीवरचं छज्ज्यासारखं पातळ झापड बेढब होतं. गंजलेला भाग उघडा करणं, सळी साफ करणं किंवा बदलणं आणि मूळ जाडी राखून पुन्हा भरणं, हे काम फुटाफुटाने करावं लागतं. या घरांत कुटुंबं राहतात, मुलं शाळेत जातात, आणि परांची बांधायची की नाही याचा निर्णय सोसायटीच्या वार्षिक सभेत होतो.