झोत किती वाकवायचा?

संपादकांनी मला बारडोलीला पाठवलं ते मोबाईल टॉवरांमधली भांडणं पाहायला. बारडोली म्हटलं की 1928चा सत्याग्रह आठवतो, नाहीतर सहकारी साखर कारखाना. टॉवरवाल्यांना मात्र इथली सपाटी छळते. डोंगर आडवा नसल्याने एका टॉवरचा सिग्नल शेजाऱ्याच्या हद्दीत सहज घुसतो. याला ते ‘ओव्हरशूटिंग’ म्हणतात. टूजीच्या काळी शेजारच्या टॉवरला वेगळी फ्रिक्वेन्सी देऊन भागायचं. फोरजीत शेजारी एकच फ्रिक्वेन्सी वापरतात, त्यामुळे एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या ग्राहकाला निव्वळ गोंगाट.

उपाय अँटेनाच्या कलात, म्हणजे टिल्टमध्ये. तीस मीटरवरची अँटेना 2 अंश झुकवली तर सिग्नलच्या झोताचा मध्य साधारण 860 मीटरवर जमिनीला टेकतो. 6 अंश झुकवली तर 285 मीटरवरच.

कमरेला हार्नेस बांधून रिगर, म्हणजे टॉवरवर चढून काम करणारा कामगार, वर गेला. खांबावर तीन अँटेना, प्रत्येकीच्या वाट्याला 120 अंश. एकीच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल करून त्याने ती किंचित झुकवली, टिल्ट मीटर तिच्या पाठीला टेकवला आणि आकडा फोनवरून इंजिनिअरला कळवला. बोल्ट आवळताना आकडा सरकतो, म्हणून आवळून झाल्यावर त्याने पुन्हा मोजलं. एवढ्या उंचीवर, वाऱ्यात, अर्ध्या अंशासाठी! ही शिस्त पाहून मी थक्क झालो.

पण नुसती अँटेना झुकवली तर समोरचा झोत खाली येतो, बाजूचा जवळपास तसाच राहतो आणि पाठीमागचा उलट वर जातो. म्हणून आता आतल्या आत झोत वळवणारा इलेक्ट्रिकल टिल्ट आला आहे. त्याला मोटर असेल तर खांबावर चढावंही लागत नाही.

मला काळजी वाटते ती झोताच्या कडेवरच्या माणसांची. दिवाळीच्या सुमारास खानदेश आणि डांगमधून ऊसतोडीला मजुरांच्या जोड्या, म्हणजे ‘कोयते’, येतात, शेताच्या कडेला पडाव टाकतात. टिल्ट वाढवला की शहरातला गोंगाट कमी होतो, पण घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांशी बोलायला पडावातल्या बाईला रेंज शोधत फिरावं लागतं. कमी केला तर शेजारच्या टॉवरला त्रास. पडावाजवळ छोटा टॉवर उभारावा, तर निम्मं वर्ष तिथे कुणी नसतं. आणि वापराची सरासरी वर्षभराची काढली तर ही माणसं तिच्यात दिसणारच नाहीत. सरासरी तोडणीच्या महिन्यांची वेगळी काढली पाहिजे, टिल्टही त्या महिन्यांपुरता वेगळा ठेवला पाहिजे. मोटर असलेल्या अँटेनाच्या बाबतीत ऑफिसात बसून एवढं करता येतं.